वाक्यात किती सांगायचं अन् काय गाळायचं

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात ऑफिस बघते. ऑफिस बघते म्हणजे दिवसभर लिहिते. पार्टीला म्हणजे माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाला मेसेज, ट्रान्सपोर्टला मेसेज, डाइंगला म्हणजे सूत रंगवणाऱ्या खात्याला चिठ्ठी, शेठना हिशेब, कामगारांच्या रजेचे अर्ज, कुणाच्या पोराचा दाखला अडकला तर त्याचा अर्ज पण माझ्याकडंच येतो. चौदा वर्षं हेच चालू आहे, त्यामुळं एका वाक्यात किती तपशील घालायचा अन् कुठला गाळायचा याबद्दल माझी काही ठाम मतं झालीत. ती आज नीट लिहून काढते, कारण शाळेत आपल्याला शुद्धलेखन शिकवतात, पत्राचा मायना शिकवतात, पण हे कुणी शिकवत नाही.

सुरुवातीच्या वर्षातली गोष्ट. एका जुन्या पार्टीचा फोन आला, टॉवेल पाहिजेत, मागच्यासारखेच. मी डाइंगच्या चिठ्ठीवर लिहिलं, "नेहमीचा निळा, ४०० नग, अर्जंट." आमच्याकडं तेव्हा दोन निळे चालायचे, एक आकाशी अन् एक गडद. रंगाचं काम बघणाऱ्या मास्तरांच्या डोक्यात नेहमीचा म्हणजे गडद, कारण त्या महिन्यात त्यांनी तोच जास्त केला होता. पार्टीचा नेहमीचा म्हणजे आकाशी. सूत रंगून आलं, टॉवेल विणून झाले, कडेची शिलाई झाली, अन् मग पार्टीनं फोटो बघून फोन केला. आकाशीचा गडद करता येतो, पण एकदा गडद झालेला माल परत आकाशी होत नाही. मास्तर एवढंच म्हणले, "ताई, कुठला निळा ते लिहायचं की ओ." ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवलीय. तिच्यात एकही शब्द चुकीचा नाहीये, फक्त ज्या एका शब्दावर मास्तरांचं पुढचं सगळं काम अडलेलं होतं तोच शब्द तिच्यात नाही.

याच्या बरोब्बर उलटं पण झालंय. एका दुसऱ्या पार्टीचा व्हॉट्सअ‍ॅपवर लांबच्या लांब मेसेज आला, आधी गणपतीच्या शुभेच्छा, मग बाजार कसा थंड आहे ते, मग जीएसटीचं, मग मागच्या गठ्ठ्यात दोन टॉवेलची शिलाई उसवलेली होती त्याचं, अन् पार खाली, "तर नवीन ऑर्डर आत्ता धरू नका". मी वरच्या पाचसहा ओळी वाचल्या, बाकीचं जेवल्यावर वाचू म्हणलं, तोवर सुताचा बीम मागावर चढला होता, म्हणजे त्यांचा माल विणायला घेतला होता. त्यांनी काहीच लपवलं नव्हतं, पण कामाची ओळ बाकीच्या ओळींखाली दबून गेली होती.

आता यावर उपाय काय. लोक सांगतात "थोडक्यात लिहा". मला हा सल्ला अर्धवट वाटतो, कारण माझी निळ्याची चिठ्ठी थोडक्यातच होती. दुसरे सांगतात "सविस्तर लिहा", तर तो दुसरा मेसेज सविस्तरच होता. मी लिहायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारते: हे वाचून समोरचा माणूस उठून काय करणार आहे? मास्तर उठून रंगाचा डबा उघडणार आहेत, तर डब्यावर जे नाव आहे ते माझ्या वाक्यात पाहिजे. ट्रान्सपोर्टवाला उठून टेम्पो पाठवणार आहे, तर त्याला रंगाशी काय करायचंय, त्याला गठ्ठे किती, वजन किती, कुठं टाकायचे अन् बिल्टी, म्हणजे माल पाठवल्याची पावती, कुणाच्या नावानं करायची एवढं पाहिजे. माल एकच, दिवस एकच, तरी दोघांना दोन वेगळी वाक्यं लागतात. एकच मेसेज तयार करून सगळ्यांना फॉरवर्ड करायची सवय असेल तर ती आधी सोडा, त्यात प्रत्येकाला त्याचं अर्धं सापडत नाही अन् दुसऱ्याचं अर्धं वाचावं लागतं.

घरातलं उदाहरण घेऊ, पाण्याचं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे इथल्या माणसाला सांगायला नको, पाळी चुकली की घरातलं सगळं गणित बिघडतं. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एकदा असा मेसेज आला:

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की, उजनीहून येणाऱ्या मुख्य जलवाहिनीवर तांत्रिक बिघाड झाल्याने शहराचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला असून आपल्या भागातील पाणी उद्याऐवजी परवा येण्याची शक्यता असल्याने सर्वांनी पाणी जपून वापरावे व सहकार्य करावे."

हे वाचून बाई काय करणार? धुणं आज भिजवायचं का नाही ते ठरवणार. खालच्या मजल्यावरचे आजोबा टँकरला फोन करायचा का ते ठरवणार. दोघांना पाहिजे असलेली गोष्ट वाक्याच्या मधोमध अडकलीय. मी तो असा केला असता:

"पाणी उद्या बुधवारी येणार नाही, गुरुवारी १५ तारखेला येईल. टाकीत आहे ते दोन दिवस पुरवायचंय, धुणं गुरुवारवर ढकला. उजनीच्या लाइनला बिघाड झालाय."

इथं तीन गोष्टी बघा. पहिली, "पाणीपुरवठा विस्कळीत" गेलं, कारण पाणी येणार नाही म्हणल्यावर ते विस्कळीतच आहे. दुसरी, उजनीचं कारण मी ठेवलं, पण शेवटी अन् चार शब्दांत. कारणानं कुणाच्या कामात फरक पडत नाही हे खरं, पण कारण नसेल तर दहा जण ग्रुपवर "का ओ, काय झालं" विचारणार. पुढचा प्रश्न जो तपशील थांबवतो तो वाक्यात राहू द्यावा असं माझं मत आहे. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, वार अन् तारीख. आपला "परवा" मागं पण जातो अन् पुढं पण जातो, क्रियापद बघितल्यावर कळतं कुठला ते. बोलताना काही अडत नाही. पण मेसेज रात्री पाठवलेला सकाळी वाचला जातो, मग त्यातला "उद्या" कुठला? लिहून ठेवायच्या वाक्यात उद्या-परवाच्या शेजारी वार किंवा तारीख टाकाच, दोन शब्द वाढले तरी चालतील.

आकड्यांचं पण असंच आहे, अन् यात आपली मराठी लई सोयीची आहे. आपण "पन्नासेक माणसं" म्हणतो, त्या "-एक" मध्येच अंदाज आहे हे सांगून होतं, वेगळं "अंदाजे" लावायला लागत नाही. "दोनचार दिवस", "पाचसहा नग", "दहाच्या सुमारास", सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच... किती बारीक मोजायचं याच्या सगळ्या पायऱ्या तयार आहेत आपल्याकडं. जेवणाच्या ऑर्डरला "पन्नासेक" चालतं, आचारी तसाच अंदाज धरून भाकरी करतो. बिलात "पन्नासेक टॉवेल" लिहिलं तर भांडण ठरलेलं. अन् उलट बाजूनं, "मी काल ९ वाजून ४७ मिनिटांनी बाजारात गेले" असं लिहिलं की वाचणारा थबकतो, ४७ च का? काहीतरी घडलं असणार ९:४७ ला. काहीच घडलं नसेल तर "पावणेदहाला" पुरे.

नात्यांचे शब्द तर तपशील फुकटात देतात. "आत्या" म्हणलं की वडिलांची बहीण हे आलंच, "मावशी" म्हणलं की आईची. "माझ्या वडिलांच्या बाजूच्या एक नातेवाईक" असं लिहिणारे लोक मी बघितलेत, कशाला? आत्या लिहा. असा नेमका एक शब्द असेल तर चार शब्दांचं वर्णन करू नका.

पण नेमका शब्द म्हणजे दरवेळी सगळ्यात बारीक शब्द, असं नाही. माझ्या भाचीनं एमएला भाषाशास्त्र घेतलंय, तिच्याकडून मला एक गोष्ट कळली ती मला फार आवडली. रॉजर ब्राउन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५८ मध्ये हा प्रश्न मांडला होता की एकाच वस्तूला इतकी नावं असताना आपण त्यातलं एक कसं निवडतो. एकच नाणं, त्याला धातूचा तुकडा म्हणता येतं, पैसा म्हणता येतं, अमुक किमतीचं नाणं म्हणता येतं, अमुक सालचं नाणं म्हणता येतं. त्याचं म्हणणं असं की रोजच्या वापरात ज्या फरकानं काही अडतं तेवढ्याच बारकाईचं नाव आपण घेतो. दुकानात त्याची किंमत लागते, साल फक्त नाणी जमवणाऱ्याला लागतं. पुढं १९७० च्या दशकात एलेनॉर रॉश अन् तिच्या सोबतच्यांनी दाखवलं की माणसं बहुतेक वेळा मधल्या पायरीवरच नाव घेतात, "प्राणी" नाही, कुत्र्याची जात नाही, नुसतं "कुत्रा".

मी हे लगेच आमच्या मालाला लावून बघितलं. कापड, चादर, जॅकार्ड चादर, ६० बाय ९० ची मोरांची जॅकार्ड चादर मरून रंगात. पाहुणे आले अन् रात्री थंडी वाजतीय तर मी म्हणणार "चादर देऊ का", तिथं "कापड देऊ का" वेड्यासारखं वाटेल अन् "मरून जॅकार्ड देऊ का" म्हणलं तर पाहुणा विचारेल दुसरी पण आहे काय. शोरूममधे गिऱ्हाइकाला डिझाइन अन् रंग सांगावाच लागतो, पण सुतात काय ते त्याला नको. मास्तरांना मात्र सगळं पाहिजे, माप, रंग, डिझाइनचा नंबर, बॉर्डर. म्हणजे मधल्या पायरीवर उभं राहायचं, अन् खाली तेव्हाच उतरायचं जेव्हा समोरच्याला दोन गोष्टींतून एक निवडायची असते. दोन निळे असतील तर "निळा" अपुरा, एकच निळा असेल तर "आकाशी निळा" उगीच. ही कसोटी मला रोज उपयोगी पडते.

आता संबंध असलेलं अन् नसलेलं. भाचीनंच सांगितलेलं अजून एक नाव, पॉल ग्राइस, ब्रिटिश तत्त्वज्ञ. त्यांनी १९६७ मध्ये हार्वर्डला व्याख्यानं दिली, त्यातलं एक १९७५ मध्ये छापून आलं. त्यात संभाषणाचे काही अलिखित करार सांगितलेत, त्यातले दोन आपल्या कामाचे. गरज आहे तेवढी माहिती द्या, कमी नको जास्त नको. अन् संबंध असेल तेच बोला. ऐकणारा धरूनच चालतो की समोरचा हे करार पाळतोय, अन् म्हणूनच नको असलेला तपशील नुसता जागा खात नाही, तो चुकीच्या वाटेला नेतो. बघा हे वाक्य:

"आजी सकाळी बाथरूममधे पडल्या, काल रात्री त्यांनी शेंगाचटणी अन् कडक भाकरी खाल्ली होती."

हे दवाखान्यात कुणी सांगितलं तर डॉक्टर पोटाचं विचारायला लागणार, कारण तुम्ही सांगितलंय म्हणजे त्याचा पडण्याशी संबंध असणार असं ते धरणार. तुम्हाला फक्त आजी रात्री नीट जेवल्या होत्या एवढंच म्हणायचं होतं. तिथं काय सांगायला पाहिजे? किती वाजता पडल्या, डोक्याला लागलं का, पडायच्या आधी चक्कर आली का, नंतर शुद्धीवर होत्या का, बीपी-शुगरच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का. माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही सगळे एकदम बोलत होतो, गोळ्यांचं सगळ्यात शेवटी निघालं. त्या दिवसापासून घरात फ्रिजवर एक कागद लावलाय, गोळ्यांची नावं, किती एमजी, किती वेळा, बस. १०८ ला फोन करायची वेळ आली तर पहिल्या वाक्यात पत्ता अन् खूण, दुसऱ्यात काय झालं, कारण लाइन तुटली तरी गाडी पत्त्यावर येऊ शकते.

वाक्याची बांधणी पण बघायला लागते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं आपण मधे जे जे भरू ते सगळं वाचणाऱ्याला हातात धरून बसावं लागतं. हे वाक्य माझ्या बहिणीला मी खरोखर पाठवणार होते:

"होम मैदानावर गड्ड्याच्या वेळी कोपऱ्यात लागलेल्या स्टॉलमधल्या ज्या बाईंकडून मागच्या वर्षी आपण जाताना घाईत शेंगाचटणी घेतली होती त्यांच्या सुनेनं आता नवी पेठेत दुकान टाकलंय."

बातमी काय, सुनेनं दुकान टाकलं. ती येईस्तोवर दम लागतो. मग मी तोडलं: "मागच्या गड्ड्यात आपण जिच्याकडनं शेंगाचटणी घेतली ती बाई आठवतीय का? तिच्या सुनेनं नवी पेठेत दुकान टाकलंय." ओळख एका वाक्यात, बातमी दुसऱ्या वाक्यात. होम मैदान गेलं कारण गड्डा तिथंच भरतो हे बहिणीला माहितीय. घाईत घेतली ते गेलं, कोपरा गेला. पण हेच मी नाशिकच्या जावेला लिहीत असेन तर उलट "गड्डा" उलगडून सांगावा लागेल, की संक्रांतीच्या वेळी सिद्धेश्वराची यात्रा असते, सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात, अन् तेव्हा जी जत्रा भरते तिला आम्ही गड्डा म्हणतो. वाचणाऱ्याला काय आधीच माहितीय हे न बघता तपशील ठरवताच येत नाही.

अजून एक, क्रियापदाच्या अगदी अलीकडची जागा मराठीत वजनाची असते. "मावशी सोमवारी पुण्याहून येणारे" अन् "मावशी पुण्याहून सोमवारी येणारे", शब्द तेच. पहिल्यात कुठनं येणार ते कळवलं, दुसऱ्यात कधी येणार ते. वाचणाऱ्याला जे नवीन आहे ते क्रियापदाला चिकटवा. एवढं केलं तरी निम्मी वाक्यं सुधारतात, शब्द कमीजास्त न करता.

अर्ज हा वेगळा प्रकार आहे, तिथं जागाच मोजून मिळते. माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा, पण महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ मध्ये सुधारणा झाली तेव्हापासून अर्ज एका विषयाचा अन् साधारण १५० शब्दांत बसवायचा असतो. खूप लोक यावर चिडतात, मला मात्र त्या नमुन्याकडं बघून लिहायला शिकता आलं. त्यात विषय विचारतात, कुठल्या काळातली माहिती ते विचारतात, अन् मग वर्णन. आमच्या एका कामगारानं लिहून आणलं होतं, "आमच्या भागातील रस्ते इतके निकृष्ट का झाले व त्यास जबाबदार कोण याची संपूर्ण माहिती द्यावी." तळमळ खरी होती, रोज सायकलवरून त्याच खड्ड्यातून येतो तो. पण "का" ला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो, त्याच्याकडं कागदावर जे आहे तेच तो देऊ शकतो. अन् "संपूर्ण माहिती" म्हणजे त्यानं उठून कुठलं कपाट उघडायचं? आम्ही दोघांनी बसून तो असा केला: अमुक चौक ते अमुक शाळा या रस्त्याच्या डांबरीकरणाचा, १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२३ या काळातला कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका अन् अंतिम देयक यांच्या प्रती. त्याची तळमळ अर्जात दिसत नाही म्हणून तो जरा नाराज होता. मी म्हणलं दादा, जबाबदार कोण ते त्या मोजमाप पुस्तिकेतच निघंल, आधी ती हातात येऊ द्या.

गोष्ट सांगताना तपशील कसा निवडायचा ते मला माझ्या मुलीच्या भाषणामुळं कळलं. विषय डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आपल्या सोलापूरचे. तिनं जे सापडलं ते सगळं एका वाक्यात कोंबलं होतं, १० ऑक्टोबर १९१० चा जन्म, १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेलं पाच डॉक्टरांचं पथक, जखमी सैनिकांची सेवा, तिथं गुओ छिंगलान यांच्याशी लग्न, मुलगा, ९ डिसेंबर १९४२ ला मृत्यू. सगळं खरं, पण ऐकताना काही हाती लागत नव्हतं. मी विचारलं तुला यातलं काय ऐकून वाईट वाटलं? ती म्हणाली, पाच गेले अन् हे एकटेच परत आले नाहीत. मग आम्ही तेच धरलं. "पाच डॉक्टर गेले होते. चार परत आले. पाचवे सोलापूरचे होते, अन् वारले तेव्हा त्यांचं वय फक्त ३२ होतं." जन्मतारखेतला दिवस-महिना गाळला, पण वय आलं. लग्न अन् मुलगा पुढच्या वाक्यात घेतले, कारण मुलगा तेव्हा अगदी तान्हा होता हे कळल्यावर त्या ३२ चं वजन अजून वाढतं. तुमच्या गोष्टीचा जीव कशात आहे ते आधी ठरवा, मग कुठला आकडा ठेवायचा ते लगेच कळतं.

अन् काही ठिकाणी ही सगळी काटछाट करूच नका. सांत्वनाचं पत्र, लांब राहणाऱ्या लेकीला मेसेज, म्हाताऱ्या आईला फोन. आईला "मी बरी आहे" एवढंच सांगितलं तर तिचं पोट भरत नाही, तिला आज काय भाजी केली, ज्वारी कुठनं आणली, गच्चीवर वाळवण घातलं का हे सगळं पाहिजे असतं. ते ऐकून ती उठून काही करणार नसते, तिला तेवढा वेळ तुमच्या घरात बसायचं असतं. मागच्या वर्षी आमच्या कारखान्यातल्या एक जुन्या बाई गेल्या, तेव्हा सगळ्यांनी "त्या खूप चांगल्या होत्या" असं लिहिलं. मी त्यांच्या मुलाला लिहिलं की त्या रोज डब्यात एक भाकरी जास्तीची आणायच्या अन् नवीन लागलेल्या पोरीला द्यायच्या. त्या मुलानं तो मेसेज आपल्या मावशीला वाचून दाखवला म्हणे.

लिहून झाल्यावर तपासायला माझी पद्धत साधी आहे. एकेक शब्दावर बोट ठेवायचं अन् तो नाही असं धरून वाक्य परत वाचायचं. समोरच्याच्या कामात किंवा मनात काही बदललं नाही तर शब्द जातो. मग उलट फेरी, हे वाचून समोरचा मला कुठला प्रश्न विचारायला फोन करेल? तो फोन येईल असं वाटलं तर त्याचं उत्तर आत घालायचं. कामाची चिठ्ठी असेल तर ज्याला ती जाणार आहे त्याच्यासारख्याच कुणाला तरी वाचून दाखवते, शेठना नाही, त्यांना सगळं आधीच माहीत असतं. काल त्याच जुन्या पार्टीची ऑर्डर आली, मागच्यासारखीच म्हणाले. मी चिठ्ठी लिहिली: "आकाशी (गडद नाही), ३० बाय ६०, ४०० नग, शनिवारी २१ तारखेला गठ्ठे बांधून पाहिजेत." मास्तरांनी वाचली, खिशात घातली अन् काही न विचारता डाइंगकडं गेले.